ऑडी टीटीवर केडब्ल्यू व्हेरियंट ३ : नागपूरच्या रस्त्यांवरचे चौदा महिने

दुसऱ्या पिढीच्या माझ्या ऑडी टीटीवर केडब्ल्यू या जर्मन कंपनीचा व्हेरियंट ३ हा कॉइलओव्हर संच, म्हणजे गाडीची उंची बदलू देणाऱ्या स्प्रिंगा आणि शॉकअप, बसवून चौदा महिने झाले आणि या काळात गाडी साडेअकरा हजार किलोमीटर चालली. एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा त्यावर काढल्यामुळे आता ठामपणे मत देता येईल. संच उत्तम आहे आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी हाच घेईन. परंतु बसवला त्या दिवशी जसा होता तसाच राहू दिला असता, तर दोन महिन्यांत काढून विकला असता, हेही तितकेच खरे आहे. मोजलेले पैसे वसूल झाले ते नंतरच्या सहा रविवारी सकाळी, एका वेळी एकच गोष्ट बदलून, वहीत नोंद करून आणि त्याच रस्त्यावरून पुन्हा पुन्हा गाडी नेऊन. त्यामुळे या परीक्षणात संचाच्या गुणवर्णनापेक्षा जुळवणीची जागा मोठी आहे.

आधी गाडीविषयी. टीटीच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबावर बसतात. मागे मात्र चार दांड्यांची रचना असून स्प्रिंग एकीकडे आणि शॉकअप दुसरीकडे असतो. कॉइलओव्हर या नावामुळे चारही चाकांना एकसारखे खांब येतील अशी अनेकांची समजूत असते. या गाडीपुरती ती चुकीची आहे. पुढे आट्यांचा खांब येतो, मागे स्प्रिंगची उंची बदलणारी वेगळी बैठक आणि स्वतंत्र शॉकअप येतो. ज्या टीटींना कारखान्यातूनच मॅग्नेटिक राइड, म्हणजे विजेवर कडकपणा बदलणारे शॉकअप, आलेले आहे, त्यांच्या मालकांनी ती विद्युत यंत्रणा बंद करण्याची सोय संच मागवण्यापूर्वीच पाहून ठेवावी. माझी गाडी साध्या शॉकअपची होती.

मूळ शॉकअप थकल्यावर मी आधी एक स्वस्त संच घेतला होता. उत्पादकाचे नाव देत नाही, कारण एका ग्राहकाच्या अनुभवावरून कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. पण त्या चुकीतून जे कळले ते सांगायला हवे. त्या संचाला बत्तीस पायऱ्यांची घुंडी होती आणि मी त्या आकड्यावरच भाळलो. प्रत्यक्षात पहिल्या पंचवीस पायऱ्यांमध्ये काहीही फरक जाणवत नसे आणि उरलेल्या पायऱ्यांत गाडी एकदम दगडासारखी होत असे. शिवाय पुढची स्प्रिंग प्रति मिलिमीटर ८ किलोची होती, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला ८ किलो वजन लागे. सातव्या महिन्यात उजव्या पुढच्या शॉकअपच्या सीलमधून तेल झिरपू लागले. पायऱ्या किती आहेत हे विचारण्यापेक्षा प्रत्येक पायरीला काम किती बदलते हे विचारावे, आणि त्याहीआधी स्प्रिंगचा आकडा विचारावा, हे त्या सात महिन्यांनी शिकवले.

स्प्रिंगचा आकडा योग्य की अयोग्य हे गाडीच्या वजनाशिवाय ठरत नाही. नागपुरात चारही चाकांखाली ठेवायचे इलेक्ट्रॉनिक काटे मला मिळाले नाहीत, म्हणून मी कळमना बाजाराजवळच्या एका धरमकाट्यावर गेलो. संत्र्यांच्या ट्रकांच्या रांगेत आपली कूपे घेऊन उभे राहणे थोडे अवघडल्यासारखे होते, पण काट्यावरच्या माणसाने शांतपणे आधी फक्त पुढची चाके, मग पूर्ण गाडी आणि शेवटी फक्त मागची चाके अशी तीन वजने करून दिली. मी आत बसलेलो आणि टाकी अर्धी भरलेली असताना पुढे ८६० किलो, मागे ६२० किलो आणि एकूण १,४८० किलो भरले. म्हणजे पुढच्या एका चाकावर ४३० किलो; त्यातून चाक, डिस्क, हब असा स्प्रिंगच्या खालचा सुमारे ४५ किलोचा भाग वजा केला की स्प्रिंगला प्रत्यक्ष तोलावे लागते ते ३८५ किलो.

पुढचा हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. वजन भागिले स्प्रिंगचा दर केले की स्प्रिंग किती मिलिमीटर दबते ते मिळते, आणि १५.७६ ला त्या आकड्याच्या वर्गमुळाने भागले की गाडीचे अंग सेकंदाला किती वेळा वरखाली होऊ पाहते ते कळते. ३ किलोची स्प्रिंग असेल तर १२८ मिलिमीटर दाब आणि सेकंदाला सुमारे १.४ आंदोलने, ५ किलोची असेल तर ७७ मिलिमीटर आणि १.८, माझ्या जुन्या ८ किलोच्या स्प्रिंगला ४८ मिलिमीटर आणि जवळपास २.३. साध्या आरामदायी मोटारी १ ते १.५ च्या दरम्यान असतात, रस्त्यावर चालवायच्या स्पोर्ट्स कार १.५ ते २ च्या दरम्यान, आणि त्यापलीकडचे आकडे गुळगुळीत रेस ट्रॅकवर शोभतात. ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट असो किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक असो, नागपूरहून दोन्ही हजार किलोमीटरच्या आसपास दूर आहेत. माझ्या गाडीने तेथे पाऊल ठेवलेले नाही. तेव्हा २.३ ची स्प्रिंग घेऊन मी धरमपेठेत भाजी आणायला जात होतो, असा त्याचा सरळ अर्थ होता.

मागच्या स्प्रिंगचा छापील आकडा पुढच्याशी थेट ताडून पाहू नये, हेही येथेच नोंदवतो. मागची स्प्रिंग दांडीच्या मध्यावर बसत असल्याने चाक जितके वर जाते तितकी ती दबत नाही. आम्ही लिफ्टवर मोजले तेव्हा चाक १० मिलिमीटर उचलल्यावर स्प्रिंग सुमारे साडेसहा मिलिमीटर दबत होती. या गुणोत्तराचा वर्ग घ्यावा लागतो. म्हणजे स्प्रिंगवर १० किलो लिहिलेले असले तरी चाकापाशी तिचे बळ सव्वाचारच्या आसपास उतरते. हे न समजल्यामुळे ‘मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा दुप्पट कडक आहे, संच चुकीचा आला’ अशी तक्रार करणारे ग्राहक येतात, असे वर्कशॉपमध्ये सांगितले गेले.

आता निवड. माझ्यासमोर चार पर्याय होते. बिलस्टाइनच्या बी १४ मध्ये फक्त उंची बदलता येते, शॉकअपचा कडकपणा कारखान्यातच ठरवलेला असतो. ज्यांना वारंवार जुळवणी करायची नाही त्यांच्यासाठी मला हा सर्वांत शहाणपणाचा पर्याय वाटतो. त्याच कंपनीच्या बी १६ मध्ये दहा स्थानांची एक घुंडी असते आणि ती रिबाउंड व कॉम्प्रेशन, म्हणजे शॉकअपचे उलगडणे आणि दबणे, दोन्ही एकत्र बदलते. ओलिन्सच्या रोड अँड ट्रॅक संचालाही एकच नियंत्रक आहे, पण त्यातील दुहेरी प्रवाहाची झडप अचानक बसणारा दणका फार चांगला झेलते अशी त्याची ख्याती आहे. व्हेरियंट ३ मध्ये रिबाउंड वरच्या टोकाला आणि कॉम्प्रेशन खालच्या टोकाला, असे दोन स्वतंत्र नियंत्रक आहेत. मी हा चौथा पर्याय घेतला तो नागपूरच्या रस्त्यांमुळेच. येथे एकाच दहा किलोमीटरच्या फेरीत सिमेंटचे सांधे, काळ्या मातीवर लाटा आलेले डांबर आणि गतिरोधक हे तिन्ही भेटतात, आणि लाटांसाठी रिबाउंड वाढवताना सांध्यांसाठी कॉम्प्रेशन मोकळे ठेवता आले नाही तर एकाचे भले करताना दुसऱ्याचे बिघडते.

दुसरे कारण खांबाच्या धातूचे होते. व्हेरियंट ३ चा खांब स्टेनलेस स्टीलचा असतो आणि उंचीची कडी संमिश्र प्लॅस्टिकची, त्यामुळे आटे गंजून कडी जागीच धरून बसण्याची शक्यता कमी होते. माझ्या आधीच्या संचाची कडी एका पावसाळ्यानंतर पाना घालूनही हलली नव्हती. सीमाशुल्क, कर आणि वाहतूक धरून रक्कम अडीच लाखांच्या पुढे गेली, आणि संच यायला सात आठवडे लागले.

जोडणी मी हिंगणा मार्गावरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये करून घेतली. मालकाला प्रसिद्धीची हौस नसल्याने नाव लिहीत नाही, पण त्यांच्या कामाविषयी लिहिल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. दोन लिफ्ट, एक स्वच्छ टेबल आणि भिंतीवर क्रमाने टांगलेले टॉर्क पाने एवढाच पसारा. पुढचा खांब हबमधून काढताना हातोड्याचा एकही घाव पडला नाही. पिंच बोल्ट काढून, खाच योग्य हत्याराने फाकवून खांब सरकवला गेला. वरच्या माउंटची बेअरिंग हाताने फिरवून पाहिली गेली, एक खरखरत होती म्हणून दोन्ही बदलली गेली, आणि जुन्या दोन्ही मला परत दाखवल्या गेल्या.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र शेवटी घडली. सगळे बसवून झाले, चाके लागली, आणि गाडी लिफ्टवरच लटकलेली असताना मी म्हणालो की आता दांड्यांचे बोल्ट कसून टाका, म्हणजे निघतो. मुख्य मिस्त्री थांबले आणि म्हणाले, “साहेब, लटकून असताना कसला तं रबर जन्मभर पिळलेलंच राहीन. आधी गाडीले जमिनीवर बसू द्या.” त्यांनी चाकांखाली लाकडी फळ्या सरकवल्या, गाडीचे पूर्ण वजन त्यावर उतरवले, मला आत बसवले, गाडी चारपाच वेळा दाबून सोडली आणि मगच खाली शिरून एकेक बोल्ट टॉर्कने कसला. रबरी बुशचा आतला नळा बोल्टने आवळला की तो त्या कोनात कायमचा धरला जातो. लटकत्या स्थितीत आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर सतत पिळलेले राहते, स्प्रिंगला नको ती भर घालते आणि काही महिन्यांत फाटते. अनेक ठिकाणी या अर्ध्या तासाची बचत केली जाते आणि नंतर दोष संचावर येतो. मजुरी चौदा हजार रुपये झाली. त्यातला रुपयाही मला जड वाटला नाही.

अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेण्याचा, अनुभव याच्या अगदी उलट होता. त्या दिवशी वर्कशॉपचे यंत्र बंद असल्याने मी संध्याकाळी शहरातल्या दुसऱ्या एका केंद्रात गेलो. तेथे गाडी रिकामी असताना, स्प्रिंगा नव्या आणि न बसलेल्या असताना, संगणकात मूळ गाडीचे आकडे लावून पंधरा मिनिटांत हिरवी खूण असलेला कागद हाती दिला गेला. दोन हजार किलोमीटरनंतर पुढच्या दोन्ही टायरची आतली कड बोटाला धारदार लागू लागली. पुन्हा मोजले तेव्हा पुढची चाके बाहेरच्या बाजूला फाकलेली निघाली. चूक माझीही होती: नव्या स्प्रिंगा काही शे किलोमीटर चालल्यावर थोड्या बसतात, उंची बदलली की टो, म्हणजे चाकांचे आत किंवा बाहेर वळलेले असणे, बदलतो, आणि म्हणून पक्के अलाइनमेंट पाचशे किलोमीटरनंतर, चालकाच्या वजनासह करायचे असते, हे मला वाचून माहीत होते आणि तरी मी घाई केली. २४५/४० आर १८ मापाच्या दोन टायरांना ती घाई भोवली. आता पुढचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, उणे १.३ अंश आणि टो शून्य आहे, मागे कॅम्बर उणे १.६ अंश आणि टो किंचित आत. त्यानंतरच्या नऊ हजार किलोमीटरमध्ये टायर समान झिजले आहेत.

उंचीबाबत माझे मत ठाम आहे: नागपुरात कंपनीने संचासाठी तपासून दिलेल्या उंचीच्या कक्षेतील सर्वांत वरच्या टोकाजवळ राहावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, सौम्य गोलाईचा असावा. प्रत्यक्षात कॉलन्यांमध्ये रहिवाशांनी हौसेने घातलेले गतिरोधक त्याच्या पावपट रुंदीत तीच उंची गाठतात आणि त्यावर गाडीचे पोट घासते. पण प्रश्न पोट घासण्याचाच नाही. मॅकफर्सन स्ट्रटची गाडी फार खाली घेतली की खालची दांडी चाकाकडे वर चढू लागते, रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जाते, आणि गाडी वळणावर कलायला उलट अधिक मोकळी होते. मग ते कलणे रोखण्यासाठी आणखी कडक स्प्रिंग लागते आणि चक्र सुरू होते. शिवाय बंपस्टॉपपर्यंतचा, म्हणजे दबण्याच्या शेवटी असलेल्या ठोकळ्यापर्यंतचा, प्रवास कमी उरतो. मी चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत मोजतो, कारण हे माप टायरमधल्या हवेवर अवलंबून राहत नाही: पुढे ३३८ मिलिमीटर, मागे ३४२. डावी-उजवीत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक ठेवलेला नाही.

जुळवणीसाठी मी एक ठराविक फेरी ठरवली. लॉ कॉलेज चौकातून अमरावती मार्गाने वाडी, तेथून हिंगण्याकडे, मग रिंग रोडवरच्या सिमेंटच्या भागावरून परत, आणि शेवटी सेमिनरी हिल्सची वळणे. वेळ रविवारी सकाळी सहाची, टायरमधली हवा थंड असताना मोजलेली, टाकी अर्धी, सोबत कोणी नाही. नियंत्रक नेहमी पूर्ण बंद, म्हणजे सर्वांत घट्ट, करून तेथून उघडलेल्या क्लिक मोजायच्या, डावे-उजवे सारखे ठेवायचे, आणि बंद करताना जोर लावायचा नाही, कारण आतली सुई आणि तिची बैठक नाजूक असते. पुढच्या रिबाउंडसाठी बॉनेट उघडून काचेखालची प्लॅस्टिकची जाळी बाजूला करावी लागते. मागच्यासाठी शॉकअपचे वरचे दोन बोल्ट काढून तो खाली घ्यावा लागतो. हा मूळ गाडीच्या रचनेचाच भाग आहे, पण त्यामुळे मागचा प्रत्येक बदल पाऊण तासाचा होतो आणि तो विचारपूर्वकच केला जातो.

सुरुवात कंपनीच्या कागदावर दिलेल्या मूळ स्थितीपासून केली. पहिल्याच फेरीत एक विचित्र गोष्ट लक्षात आली: सिमेंटच्या रस्त्यावर ताशी ३० च्या आसपास गाडी पाळण्यासारखी डुलत होती, आणि ५० वर गेली की ते डुलणे नाहीसे होत होते. वेग वाढल्यावर त्रास कमी व्हावा हे मला पटेना. दुसऱ्या रविवारी पहाटे सर्व्हिस रोडवर टेप टाकून सिमेंटच्या दोन आडव्या सांध्यांमधले अंतर मोजले; ते साडेचार मीटर भरले. ताशी ३० म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.८५ सांधे. स्पोर्ट्स कारच्या अंगाचा स्वतःचा ठेका १.५ ते २ च्या दरम्यान असतो हे वर आलेच आहे. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावावा तसा प्रत्येक सांधा गाडीला तिच्याच ठेक्यात झोका देत होता. ५० वर सांध्यांचा ठेका ३.१ होतो, ८० वर ४.९, आणि समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या मर्यादेत चालताना सांध्यांचे अंतर तेवढेच धरले तर ७.४, गाडीचे अंग तेवढ्या वेगाने प्रतिसादच देऊ शकत नाही, चाके तेवढी खालीवर होतात.

स्प्रिंग बदलल्याशिवाय हा ठेका बदलत नाही, पण झोका मारता येतो आणि ते काम रिबाउंडचे. मी पुढे-मागे दोन दोन क्लिक बंद केल्या. डुलणे जवळपास थांबले. मोहाने आणखी तीन बंद केल्या, तेव्हा ३० वर गाडी अगदी स्थिर झाली, पण ८० वर सलग सांध्यांवरून जाताना ती हळूहळू खाली बसू लागली आणि कडक होत गेली. दबलेली स्प्रिंग पुढचा सांधा येण्याआधी पुरती उलगडतच नव्हती. शॉकअपच्या दांड्याला मी आधीच प्लॅस्टिकची झिप टाय बांधून ठेवली होती. परत येऊन पाहिले तर ती बंपस्टॉपला जाऊन टेकली होती. पाच रुपयांची ही पट्टी इतकी बोलकी आहे की प्रत्येकाने ती बांधावीच असा माझा आग्रह आहे. तीनपैकी दोन क्लिक पुन्हा उघडल्यावर पट्टी बंपस्टॉपच्या १८ मिलिमीटर अलीकडे थांबू लागली.

कॉम्प्रेशनची परीक्षा वर्धा मार्गावरच्या ३.१४ किलोमीटरच्या दुमजली उड्डाणपुलावर घेतली, कारण तेथे पुलाच्या लोखंडी सांध्यांची धार एकसारखी मिळते. येथे एक घोळ दूर करायला हवा. या नियंत्रकाला कमी वेगाचे कॉम्प्रेशन म्हणतात, पण तो वेग गाडीचा नाही, शॉकअपमधल्या दट्ट्याचा आहे. वळणावर कलताना, ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाताना दट्ट्या हळू सरकतो आणि तेथे हा नियंत्रक काम करतो. लोखंडी सांध्याच्या धारेवर दट्ट्या झटक्यात सरकतो आणि तेथे मुख्यतः आतल्या झडपांचे चालते, ज्या बाहेरून बदलता येत नाहीत. म्हणून दोन क्लिक उघडल्यावर दणका थोडाच कमी झाला. खरा फरक पडला तो टायरमधली हवा ३६ वरून ३३ पीएसआयवर आणल्यावर. सस्पेन्शनवर लाखो रुपये खर्च करून हवा मात्र पंपावरचा मुलगा भरेल तेवढी, अशी गाडी मी अनेकदा पाहिली आहे.

सेमिनरी हिल्सच्या वळणांवर ताशी ४० चा वेगही पुरेसा असतो, कारण तेथे पाहायचे असते ते स्टिअरिंग फिरवल्यावर पहिल्या क्षणी गाडी काय करते ते. मागचे रिबाउंड पुढच्याइतकेच घट्ट असताना मागची आतली बाजू उतावीळपणे उचलल्यासारखी वाटे. मागे दोन क्लिक उघडल्यावर चारही चाके एकदम वळणात शिरू लागली. गतिरोधकावरून उतरताना मागचा भाग पुढच्याशी जुळवून घेतो की नाही, हे मी वेगळे पाहिले. टीटीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २,४६८ मिलिमीटर आहे. ताशी २० ने जाताना मागची चाके पुढच्यांनंतर सुमारे ०.४४ सेकंदांनी गतिरोधकावर चढतात, आणि मागचा ठेका पुढच्यापेक्षा किंचित जलद असेल तर मागचा भाग पुढच्याला गाठतो व गाडी सपाट उतरते. हा विचार मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३० च्या दशकात मांडला. आज माझी गाडी गतिरोधकानंतर एकदाच वर येते आणि स्थिर होते. पूर्वी शेजारी बसलेल्याच्या मानेला तीन झटके बसत.

ऋतूंचा परिणाम मी कमी लेखला होता. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की शॉकअपमधले तेल पातळ होते आणि जानेवारीत अचूक वाटलेली स्थिती सैल वाटू लागते. उन्हाळ्यात मी रिबाउंड एक क्लिक घट्ट करतो, दिवाळीनंतर परत उघडतो. टायरमधली हवाही दर साडेपाच अंशांना सुमारे १ पीएसआय बदलते, म्हणून पहाटे आणि दुपारी केलेल्या फेऱ्यांची तुलना करू नये. पावसाळ्यात काळी माती खांबाच्या आट्यांत आणि खालच्या नियंत्रकाभोवती सिमेंटासारखी जमते. दर पंधरा दिवसांनी साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. जोराच्या फवाऱ्याने माती सीलकडे ढकलली जाते, तो टाळावा. आटे कोरडेच ठेवावेत, ग्रीस लावले की धूळ चिकटते. सप्टेंबरअखेर कडी हाताच्या पान्याने सहज फिरली, याचे मला खरोखर समाधान वाटले.

कायद्याची बाजू दुर्लक्षित करू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. मी खरेदीपूर्वी विमा कंपनीला संचाच्या माहितीसह लेखी कळवले आणि त्यांचे उत्तर जपून ठेवले आहे. मूळ स्प्रिंगा आणि शॉकअपही घरी तेल पुसून, कापडात गुंडाळून ठेवले आहेत.

हा संच कोणी घेऊ नये, हेही लिहितो. ज्यांना गाडी फक्त खाली दिसायला हवी आहे, त्यांच्यासाठी हा खर्च व्यर्थ आहे. ज्यांना एकदा बसवून विसरून जायचे आहे, त्यांनी कारखान्यात ठरवलेल्या शॉकअपचा संच घ्यावा. चुकीच्या जागी ठेवलेले दोन नियंत्रक हे एकही नियंत्रक नसण्यापेक्षा वाईट असतात. आणि ज्यांच्या गावात गाडी जमिनीवर उतरवून बोल्ट कसणारा मिस्त्री नाही, त्यांनी आधी तो शोधावा, मग संच मागवावा.

माझ्या वहीतली आजची नोंद अशी आहे, सर्व आकडे बंद स्थितीपासून उघडलेल्या क्लिकचे: पुढे रिबाउंड ७, मागे ९, पुढे कॉम्प्रेशन ९, मागे १०, हवा थंड असताना पुढे ३३, मागे ३२ पीएसआय. सहकुटुंब पेंचला जाताना मागे सामान आणि वजन वाढते, तेव्हा मागची हवा २ पीएसआयने वाढवतो आणि मागचे कॉम्प्रेशन एक क्लिक घट्ट करतो. तो नियंत्रक खालच्या टोकाला असल्याने चाक न काढता, अंगणात चटई टाकून दहा मिनिटांत हे काम होते.